माकडतापाचा नकाशा : नोंद कुठे, चावा कुठे

गोचिडीमार्फत माणसाला होणाऱ्या रोगाचा जोखीम-नकाशा काढायचा म्हटले की चार वेगळ्या गोष्टींची हमखास सरमिसळ होते. गोचीड कुठे राहते, ही एक. तिच्या अंगात रोगाचा जंतू कुठे सापडतो, ही दुसरी. आजारी माणूस कुठल्या दवाखान्यात आणि कुठल्या पत्त्यावर नोंदला गेला, ही तिसरी. आणि त्याला ती गोचीड नेमकी कुठे, काय करताना चावली, ही चौथी. पहिल्या तिन्हींचे नकाशे कमी-अधिक कष्टाने निघतात आणि काढलेही जातात. जोखीम मात्र चौथीत असते, आणि तिचा नकाशा क्वचितच निघतो. सिंधुदुर्गातील दोडामार्ग व सावंतवाडी तालुके, गोव्यातील सत्तरी आणि त्यांना लागून असलेला बेळगाव जिल्हा या पट्ट्यात माकडतापाने गेल्या दशकात जे घडवले, त्यातून ही उणीव जितकी उघडी पडते तितकी देशात दुसरीकडे कुठे पडली नसेल.

माकडतापाचे शास्त्रीय नाव ज्या जंगलावरून पडले ते क्यासनूर, कर्नाटकातील शिवमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात आहे. १९५७ च्या मार्चमध्ये तिथे माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत तीव्र तापाची साथ आली. पुण्याचे विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, तेव्हा जेमतेम पाच वर्षांचे होते. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी ते १९५२ मध्ये सुरू केले होते. माकडे मरताहेत आणि माणसे तापाने फणफणताहेत म्हटल्यावर पहिला संशय आला तो पीतज्वराचा, कारण दक्षिण अमेरिकेच्या जंगलात पीतज्वराची चाहूल माकडांच्या मरणावरूनच लागते. आशियात पीतज्वर नाही. तो शिरला असता तर अनर्थ झाला असता. टेलफोर्ड वर्क आणि हॅरॉल्ड ट्रॅपिडो यांच्यासह केंद्राची माणसे घाईने जंगलात पोचली. हाती लागलेला विषाणू निघाला वेगळ्याच कुळातला. रशियात वसंत-ग्रीष्मात मेंदूज्वर घडवणाऱ्या विषाणूचा तो भाऊबंद होता, आणि त्याचा वाहक डास नव्हता, गोचीड होती. हेमाफायसेलिस स्पिनिजेरा हे या गोचिडीचे नाव.

रशियन मेंदूज्वराशी असलेले हे नाते नकाशाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. १९३७ मध्ये लेव्ह झिल्बेर यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत शास्त्रज्ञांची मोहीम सुदूर पूर्वेच्या तैगात गेली, आणि त्या कामातून पुढे येव्गेनी पाव्लोव्स्की यांनी रोगाच्या नैसर्गिक ठाण्याचा सिद्धान्त मांडला. काही रोग माणसावाचून आपापल्या भूप्रदेशात मजेत नांदत असतात. जंतू, वाहक आणि जंगली प्राणी यांचे त्रिकूट विशिष्ट माती-झाडी-हवामानाला धरून राहते. माणूस तिथे पाऊल टाकतो तेव्हाच आजारी पडतो. याचा सरळ अर्थ असा की भूप्रदेश वाचता आला तर रोग कुठे आहे हे रुग्ण मिळण्याआधीच सांगता येईल. आज उपग्रहाची चित्रे आणि संगणकीय मॉडेल वापरून जे नकाशे निघतात त्या सगळ्यांची मूळ कल्पना हीच. कल्पना खरी आहे. पण ती ठाण्याबद्दल बोलते, आणि तिथे पाऊल टाकणाऱ्या माणसाला गृहीत धरून पुढे जाते. माकडतापाच्या बाबतीत ते गृहीतच महागात पडते.

गोचिडीचे आयुष्य समजल्याशिवाय हे नीट कळत नाही. या गोचिडीला अंड्यातून निघाल्यापासून मरेपर्यंत तीन वेळा रक्त लागते आणि तिन्ही वेळा प्राणी बहुधा वेगळा असतो. पावसाळा सरता सरता अळ्या बाहेर पडतात. त्या टाचणीच्या टोकाएवढ्या असतात आणि उंदीर, चिचुंद्री, खार, जमिनीवर चरणारे पक्षी, माकड, जे मिळेल त्याला चिकटतात. रक्त पिऊन त्या गळून पडतात, पाचोळ्यात कात टाकतात आणि निम्फ म्हणजे मधल्या अवस्थेत येतात. निम्फचा जोर साधारण डिसेंबर-जानेवारीपासून मेपर्यंत. माणसाला चावते ती मुख्यतः हीच. निम्फ पुन्हा रक्त पिते, पुन्हा कात टाकते आणि पावसाळ्यात प्रौढ होऊन गाईगुरांच्या अंगावर चढते. अळीच्या वयात विषाणू अंगात आला तर तो कात टाकल्यावरही टिकतो, म्हणून एका प्राण्यापासून मिळालेला रोग ती पुढच्या प्राण्याला देऊ शकते. गुरांच्या रक्तात हा विषाणू फारसा वाढत नाही, पण प्रौढ गोचिडींना पोटभर रक्त देऊन ती पुढच्या वर्षीची पिढी वाढवतात. माणूस या साखळीचा शेवटचा मणी आहे. त्याच्याकडून रोग पुढे जात नाही. चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत ताप येतो, डोके आणि अंग असह्य दुखते, काहींना रक्तस्राव होतो, काहींना ताप उतरून पुन्हा चढतो आणि मग मेंदूवर परिणाम दिसतो. शंभरांतले तीन ते पाच रुग्ण दगावतात.

एवढे असूनही गोचिडीचा नकाशा हा रोगाचा नकाशा नव्हे. स्पिनिजेराचा वावर दक्षिण आणि मध्य भारतातील जंगलांत दूरवर आहे. गुरांवरच्या आणि कुत्र्यांवरच्या गोचिडी तर सर्वत्र आहेत. छत्तीसगडमधील भिलाईच्या कॅम्प-१ सारख्या दाट कामगार वस्तीतल्या मोकाट गाईच्या कानात हात घातला तरी त्या सापडतील. त्या वेगळ्या जातीच्या असतात आणि त्यांच्यावरून माकडतापाचा काही अंदाज बांधता येत नाही. नुसती गोचीड पाहून रंग भरायचे तर अर्धा देश लाल होईल, आणि असा नकाशा छत्तीसगडातल्या आरोग्य अधिकाऱ्याच्या काही कामाचा नाही, दोडामार्गच्याही नाही. दुसऱ्या टोकाला रक्ततपासणीचा नकाशा आहे. क्यासनूरच्या शोधानंतर थोड्याच काळात कच्छ-सौराष्ट्रातील माणसांच्या रक्तात या विषाणूशी जुळणारी प्रतिद्रव्ये सापडली. पुढे अंदमानातही सापडली. माकडतापाची साथ मात्र यांपैकी कुठेच दिसलेली नाही. एखादा जवळचा नातेवाईक विषाणू तिथे असेल, किंवा हाच विषाणू असूनही माणसाचा आणि गोचिडीचा गाठभेटीचा योग येत नसेल. प्रतिद्रव्यांचा नकाशा, गोचिडींचा नकाशा आणि रुग्णांचा नकाशा एकावर एक ठेवले तर कडा जुळत नाहीत, आणि त्या का जुळत नाहीत हाच प्रश्न विचारण्यासारखा आहे.

जंगलात गोचिडी मोजण्याची रीत अगदी साधी आहे. साधारण मीटरभर लांबीचे पांढरे जाड कापड काठीला बांधायचे आणि ते पाचोळ्यावरून, पायवाटेच्या कडेच्या झुडपांवरून सावकाश ओढत चालायचे. वाटसरू प्राणी आला असे समजून गोचिडी कापडाला चिकटतात. ठरावीक अंतर गेले की कापड उलटे करून उन्हात धरायचे. पांढऱ्यावर तांबूस-तपकिरी ठिपके हलताना दिसतात. ते चिमट्याने उचलून कुपीत टाकायचे, वर ठिकाण, तारीख आणि वेळ लिहायची. प्रयोगशाळेत जात आणि अवस्था ओळखून त्यांचे गट करतात, गट वाटून त्याची विषाणूसाठी तपासणी होते. पन्नास गोचिडींचा गट बाधित निघाला तर त्यांतली एक बाधित होती की पंधरा, हे त्या निकालातून कळत नाही. कापड सकाळी ओढले की दुपारी, आदल्या दिवशी पाऊस होता की नव्हता, ओढणारा उत्साही होता की कंटाळलेला, याने आकडा बदलतो. आणि कापड ओढले जाते ते जिथे जीप पोचते तिथे. सह्याद्रीच्या उतारावर ही अट किती जागा गाळून टाकते हे घाट चढलेल्याला सांगायला नको.

शोधानंतरची पाच दशके माकडताप हा कर्नाटकचा, आणि तोही शिवमोगा, उत्तर कन्नड, दक्षिण कन्नड, चिक्कमगळूर, उडुपी एवढ्याच जिल्ह्यांचा रोग समजला गेला. पाठ्यपुस्तकांतले नकाशे तसेच छापले जात. मग २०१२-१३ मध्ये बंडीपूर आणि निलगिरी, त्यानंतर केरळातील वायनाड आणि मलप्पुरम, २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्याचे पाळी गाव, आणि २०१६ च्या जानेवारीत दोडामार्ग तालुक्यातील केर गावाचा परिसर अशी नावे पटापट जोडली गेली. केरच्या आसपास माकडे मरून पडू लागली, माणसांना ताप येऊ लागला, नमुने पुण्याला गेले. त्या हंगामात सिंधुदुर्गात १३० रुग्ण प्रयोगशाळेत निश्चित झाले. पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या बाजूला रोग दिसला.

वर्तमानपत्रांनी याला रोगाचा प्रसार म्हटले. ते अर्धे खरे असू शकते. पण क्यासनूरपासून दोडामार्ग पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर उत्तरेला आहे, आणि गोचीड स्वतःच्या पायाने आयुष्यात काही मीटरही धड चालत नाही. तिला पक्षी नेतात, गुरे नेतात, माकडे नेतात, तरीही मधला सगळा टप्पा ओलांडून रोग एका दमात उडी मारत नाही. मधल्या जंगलात तो गुपचूप होता आणि कुणी पाहिला नाही, ही शक्यता निदान तितकीच मोठी आहे. कोकणात हिवाळ्याअखेर येणारा ताप हिवताप, डेंगू किंवा लेप्टोस्पायरोसिस म्हणून खपून जातो. पाठ्यपुस्तकातला नकाशा माकडताप इथे नाही असे सांगत असेल तर डॉक्टर त्याची तपासणी मागत नाही, तपासणी नाही म्हणून रुग्ण सापडत नाही, आणि रुग्ण नाही म्हणून नकाशा तसाच राहतो. नकाशाने स्वतःलाच खरे ठरवण्याचा हा प्रकार आहे. म्हणून कोणत्याही जोखीम-नकाशावर पांढऱ्या सोडलेल्या जागेचे दोन प्रकार वेगळे दाखवायला हवेत : शोधून सापडले नाही ती जागा, आणि शोधलेच नाही ती जागा. बहुतेक छापील नकाशांत दोन्हींना एकच कोरा कागद मिळतो.

मेलेल्या माकडावर भिस्त ठेवून निघणाऱ्या नकाशाचीही हीच गत. काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाचे माकड या दोघांनाही हा रोग होतो आणि बहुधा मारतो. मेलेल्या माकडाच्या अंगावरून बाधित गोचिडी उतरतात आणि तेवढा जमिनीचा तुकडा काही काळ धोक्याचा होतो. म्हणून अशा जागेभोवती ५० मीटरच्या घेरात कीटकनाशक भुकटी टाकण्याची पद्धत आहे. उपाय चांगला आहे, पण तो मेलेले माकड कुणाला तरी दिसले आणि त्याने वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवले तरच लागू होतो. वाटेच्या कडेला, बागेत, पाणवठ्याशी मेलेले माकड दिसते. रानाच्या पोटात मेलेले दिसत नाही. दोन दिवसांत कोल्हे-रानडुकरे त्याचा फडशा पाडतात. शिवाय जिथे माकडतापाची चर्चा होऊन गेली आहे तिथे लोक कळवतात, जिथे नाही तिथे नारळ-केळीची नासाडी करणारे एक माकड कमी झाले म्हणून गप्प बसतात. माकडांच्या मरणाचा नकाशा हा बऱ्याच अंशी माणसांच्या बोलण्याचा नकाशा असतो. माकडाचे या रोगचक्रातील नेमके स्थान काय, ते विषाणू वाढवणारा मुख्य प्राणी की माणसासारखाच एक बळी, यावरही शास्त्रज्ञांत पूर्ण एकमत नाही. उंदीर-चिचुंद्र्यांचा वाटा कदाचित जास्त असेल. उंदराचे मरण कोण कळवणार?

आता माणसाकडे वळायला हवे. सिंधुदुर्गात निम्फचा हंगाम आणि रानातल्या कामाचा हंगाम एकमेकांवर अचूक बसतात. फेब्रुवारी ते मे हे काजूचे दिवस. बोंडू पिकून खाली पडतो, मग माणसे, त्यांतही बायका जास्त, सकाळपासून काजीखालच्या पाचोळ्यात वाकून बी वेचतात. बी पाचोळ्यात आणि गोचीडही पाचोळ्यात. याच दिवसांत भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपांसाठी, जमीन भाजायची असते, त्यासाठी रानातून पातेरा, म्हणजे वाळका पाला, गोळा करून भारे डोक्यावर आणायचे, झाडांच्या फांद्यांची कवळ तोडायची. शिवाय वर्षाचे सरपण पावसाळ्याआधी घरात यायला हवे. भारा डोक्यावरून अंगणात येतो आणि त्याबरोबर गोचिडीही येतात. काही काळ पातेरा गोठ्यात पडून राहतो. म्हणजे कधीही रानात न गेलेल्या म्हातारीलाही घरबसल्या गोचीड चावू शकते. रानाची हद्द कुठे संपते हे उपग्रहाच्या चित्रात दिसते. पातेऱ्याच्या भाऱ्यातून ती हद्द अंगणापर्यंत आलेली दिसत नाही.

सर्वांत बोलका दाखला बेळगाव जिल्ह्यातल्या मजुरांचा आहे. काजूच्या हंगामात तिकडची माणसे घाट उतरून सत्तरीतल्या बागांत कामाला येतात, आठवडे-महिने राहतात आणि परत जातात. २०१६ च्या सुमारास अशा परतलेल्या मजुरांत माकडताप निघाला आणि राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी माग काढला तेव्हा तो पाळीच्या परिसरातील काजूच्या बागांशी जाऊन भिडला. रुग्णाचा पत्ता कर्नाटकातला, चावा गोव्यातला. पत्त्यावरून ठिपका टाकला असता तर तो घाटावर बेळगाव जिल्ह्यात पडला असता, तिथल्या जंगलात भुकटी मारली गेली असती आणि सत्तरीच्या बागेत पुढच्या आठवड्यात दुसरी टोळी वेचणीला उतरली असती.

उलट दिशेचा घोळही आहे. दोडामार्गचा माणूस जास्त आजारी पडला की ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापेक्षा बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज गाठतो. ते जवळ पडते, सोयीचे पडते आणि नातेवाईक बहुधा गोव्यातच नोकरीला असतात. ताप महाराष्ट्रात आला, निदान गोव्यात झाले. दोन राज्यांच्या आरोग्य खात्यांनी एकमेकांना वेळेवर कळवले तर ठीक, नाहीतर हा रुग्ण एक तर दोन्हीकडे मोजला जातो किंवा कुठेच नाही. तिन्ही राज्यांना एकच जंगल वाटून घ्यावे लागते, पण प्रत्येकाचा नकाशा आपापल्या सीमेवर येऊन थांबतो, जणू पलीकडे समुद्र आहे.

हे दुखणे भारतापुरते नाही, माकडतापापुरतेही नाही. अमेरिकेत लाइम या गोचिडीच्या रोगाचा जो ठिपक्यांचा नकाशा सर्वत्र दाखवला जातो, त्यात एका रुग्णाला एक ठिपका असतो आणि तो रुग्ण राहतो त्या काउंटीत कुठेही टाकलेला असतो. नकाशाखाली ती टीप छापलेली असते. पण टीप कोण वाचतो? लोक ठिपका पाहतात आणि त्या जागी गोचीड आहे असे समजतात. विदर्भात २०१८ मध्ये स्क्रब टायफसची साथ आली, ती गोचिडीची नव्हे, चिगर नावाच्या माइटची. तेव्हाही बातम्यांत नाव झाले नागपूरचे, कारण रुग्णालये नागपुरात. गोचिडीमुळे होणारा पुरळाचा ताप, इंडियन टिक टायफस, महाराष्ट्रात मुख्यतः अशा गावांतून नोंदला गेला जिथे एखाद्या जागरूक बालरोगतज्ज्ञाने मुलाच्या तळहातावरचा पुरळ पाहून वेगळी शंका घेतली. तो नकाशा रोगाइतकाच डॉक्टरांच्या नजरेचाही आहे.

चौथ्या प्रकारचा नकाशा काढता येतो, हे शिवमोग्याने दाखवले. ब्रिटनच्या पर्यावरण व जलविज्ञान केंद्रातील बेथन पर्स आणि बंगळुरूच्या एट्री व निवेदी या संस्थांतील संशोधकांनी आरोग्य, पशुसंवर्धन आणि वन या खात्यांतल्या माणसांना सोबत घेऊन शिवमोगा जिल्ह्याचे एक मॉडेल बांधले. ते २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या कामात गणितापेक्षा लक्षात घेण्याजोगी गोष्ट आधीची आहे : रुग्णाचा पत्ता न धरता तो बहुधा कुठल्या रानात बाधित झाला ती जागा स्थानिक कर्मचाऱ्यांच्या मदतीने शोधून तो ठिपका मॉडेलला दिला. निघालेले चित्र नेहमीच्या समजुतीला धक्का देणारे होते. सर्वाधिक जोखीम घनदाट, अस्पर्श जंगलात दिसली नाही. जिथे सदाहरित ओले जंगल आणि लागवड यांची गोधडी आहे आणि देशी गुरांची संख्या जास्त आहे, तिथे ती दिसली. कोरड्या पानझडी जंगलाचे प्रमाण वाढले की ती घटली. २०१९ च्या साथीत नव्याने पेटलेल्या ठिकाणांचा अंदाजही या मॉडेलला बऱ्यापैकी आला. होर्हे बोशेल या कोलंबियन शास्त्रज्ञाने १९६९ मध्येच, संगणक नसताना, असे सुचवले होते की रोग मुळात जंगलाचा असला तरी त्याला भडकवते ते जंगल फोडून गुरे घालणे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कन्नडमधील बेळतंगडीत मोठी साथ आली ती काजूच्या लागवडीसाठी जंगल तोडल्यानंतर.

शिवमोग्याचे मॉडेल उचलून सिंधुदुर्गावर ठेवता येईल का? सरसकट नाही. तिकडे सुपारीच्या बागा आणि त्यांना पानखत पुरवणारी राखीव रानाची पद्धत आहे, इकडे काजू आहे, आणि दोडामार्गात केरळी बागायतदारांनी वाढवलेले रबर आहे. रबराच्या झाडाखाली पाचोळा वेगळा, सावली वेगळी, कामाची वेळही वेगळी. चीक काढणारा मजूर पहाटे रानात असतो. तिलारी धरणाने उठवलेली गावे नव्या जागी वसली आणि जंगलाच्या वाटा बदलल्या. एका जिल्ह्यात शिकलेला नियम दुसऱ्या जिल्ह्यात लावताना त्या नियमातले कोणते कलम झाडीविषयी आहे आणि कोणते माणसाच्या रोजच्या कामाविषयी, हे वेगळे करावे लागते. झाडीचे कलम बऱ्याच वेळा लागू पडते, कामाचे क्वचित.

मापनाचा प्रश्न इथेच येतो. सरकारी नकाशा तालुक्याला रंग देतो, कारण पैसे, औषध आणि माणसे तालुक्याच्या हिशेबाने जातात. पण सिंधुदुर्गातले गाव एका ठिकाणी नसते. ते पाच-दहा वाड्यांत पांगलेले असते आणि दोन वाड्यांत कधी ओढा असतो तर कधी अख्खी टेकडी. एक वाडी रानाला खेटून, दुसरी सडकेला. रुग्णाचा ठिपका ग्रामपंचायतीच्या इमारतीवर टाकला तर तो चाव्याच्या जागेपासून दोन-तीन किलोमीटर सहज दूर जातो, आणि निम्फच्या जगात ते अंतर दुसऱ्या देशाएवढे आहे. फार बारीक मापही उपयोगाचे नाही. पाच-दहा मीटरच्या चौकटीत रंग भरायला लागलो तर खोटी अचूकता हाती येते. माणूस पायी रानात किती लांब जातो, एवढेच माप घ्यावे. लाकडासाठी, काजूसाठी, गुरांमागे तो दोन-चार किलोमीटर जातो. नकाशाची चौकट त्याच्या चालण्याएवढी असावी.

यावर रास्त आक्षेप आहे. चाव्याची जागा रुग्णाला माहीतच नसते. निम्फ तिळाएवढी, चावताना दुखत नाही. ताप येतो तो आठवड्याने, तोवर माणूस पाच ठिकाणी जाऊन आलेला असतो. हे खरे आहे. पण पत्ता बिनचूक आहे म्हणून तो उपयोगी ठरत नाही. चुकीच्या प्रश्नाचे ते बरोबर उत्तर आहे. त्यापेक्षा गेल्या दहा दिवसांत तुम्ही कुठल्या कुठल्या रानात, बागेत गेलात, पातेरा कुठून आणलात, असे विचारून आलेली चार संदिग्ध ठिकाणे जास्त सांगतात, कारण वीस रुग्णांची चार-चार ठिकाणे एकत्र ठेवली की एक टेकडी किंवा एक बाग सर्वांत आढळते. संदिग्धता गणितात बसवता येते; विचारलेच नाही ते बसवता येत नाही. आशा कार्यकर्तीला अशी विचारपूस करायला दहा मिनिटे लागतात. तिच्या नोंदवहीत त्यासाठी रकाना नसतो, ही खरी अडचण.

महिन्याचे भानही नकाशाला हवे. ऑगस्टमध्ये धो-धो पावसात ज्या बागेत रोगाचा धोका नगण्य असतो ती फेब्रुवारीत लाल असते. वर्षभराची सरासरी काढून एकच रंग दिला की दोन्ही महिने केशरी दिसतात आणि दोन्ही वेळा नकाशा चुकतो. लांबलेला परतीचा पाऊस निम्फचा हंगाम पुढे ढकलू शकतो, म्हणून एकदा काढलेला नकाशा दर दिवाळीनंतर नव्याने तपासावा लागतो.

नकाशा निरुपद्रवी नसतो, हेही विसरून चालत नाही. गावाचे नाव लाल रंगात छापून आले की काजूचा व्यापारी भाव पाडतो, मजूर यायला कचरतात, गोव्याच्या कडेचे पर्यटन बसते. मग पुढच्या वर्षी गावच माकडाच्या मरणाची वाच्यता टाळते आणि सूचनेचे एकमेव साधन बंद पडते. याचा दुसरा विपर्यास जास्त घातक आहे : माकडे मारा, रान साफ करा, म्हणजे रोग जाईल. बेळतंगडीचा अनुभव नेमका उलटा आहे. रान साफ केल्याने कडा वाढतात, झुडपे माजतात, गुरे आत शिरतात आणि माणूस गोचिडीच्या आणखी जवळ येतो. म्हणून असे नकाशे चव्हाट्यावर लावण्याआधी ज्या वाड्यांचे आहेत त्या वाड्यांना दाखवणे शहाणपणाचे. तिथली माणसे चुकाही काढतात.

लसीकरणात नकाशाचा वापर सर्वांत थेट होतो. कर्नाटकात १९९० पासून वापरली गेलेली मृत विषाणूची लस, बाधित माकड, गोचीड किंवा माणूस सापडलेल्या जागेपासून ५ किलोमीटरच्या वर्तुळातल्या गावांना दिली जाई. २००५ ते २०१० च्या आकडेवारीवरून शिवमोग्यात काढलेल्या हिशेबात दोन मात्रांनी सुमारे ६२ टक्के आणि वर्धक मात्रेनंतर सुमारे ८३ टक्के संरक्षण दिसले, पण पुन्हा पुन्हा टोचून घ्यायला लोक येत नसत आणि वर्तुळाबाहेर रुग्ण निघत. परिणामकारकतेबद्दलच्या शंका वाढत जाऊन २०२२ मध्ये ते लसीकरण थांबले. नव्या लसीचे काम सुरू आहे. कंपासने काढलेले वर्तुळ डोंगर, नदी, राज्याची सीमा काहीच ओळखत नाही. ते समुद्रकाठच्या वाडीला आत घेते आणि ज्या वाटेने लोक रानात जातात ती बाहेर ठेवते. नवी लस आली की पहिल्या मात्रा कुणाला द्यायच्या हे पुन्हा कुठल्यातरी नकाशावरून ठरेल. दोडामार्ग-सत्तरीतल्या कायमच्या रहिवाशांची नावे मतदार यादीत, शिधापत्रिकेत, आरोग्य केंद्राच्या वहीत असतात, म्हणून ती कुठल्याही वर्तुळात सापडतील. काजूच्या बागेतल्या शेडमध्ये चार महिने राहून मे महिन्यात घाट चढून परतणाऱ्या मजुराचे नाव यांपैकी एकाही यादीत नसते. त्याचे गाव वर्तुळाबाहेर आणि तो जिथे वाकून बी वेचतो ती बाग वर्तुळाच्या मध्यावर असते.